हवेतली शिडी आणि भिंतीवरचं घड्याळ

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. ते बिघडलेलं नव्हतं, आप्पांनी ते मुद्दाम तसं लावलेलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत ते मागावर होते. भोंगा वाजून गेला की गिरणीचं फाटक बंद व्हायचं आणि बाहेर राहिलेल्या माणसाचा दिवस फुकट जायचा. वळसंगाकडचं रान भावकीकडे सोपवून शहरात आल्यावर पहिल्याच महिन्यात ते फाटक एकदा आप्पांच्या तोंडावर बंद झालं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी घड्याळाचं काचेचं दार उघडलं, मोठा काटा पुढे ढकलला आणि जाहीर केलं, "आजपास्नं ह्या घरात हीच येळ."

तेव्हा मी जेमतेम चालायला शिकले होते, त्यामुळे हा प्रसंग मला आईच्या तोंडून ठाऊक. पण घड्याळाची सवय मात्र माझ्या हाडात मुरलेली. घड्याळाकडे बघायचं, मनात दहा वजा करायचे आणि मग हलायचं. आई तेच करायची, दादा तेच करायचा. वजाबाकी मला शाळेत जायच्या आधी आली ती अशी.

मला लहानपणापासून 'का' विचारायची खोड. आई वैतागून म्हणायची, "हिला गिळायला द्या कायतरी, म्हंजे तोंड बंद ऱ्हाईल." एकदा मी आप्पांनाच विचारलं, "आम्ही सगळे दहा वजा करतो, मग घड्याळ पुढे लावून उपयोग काय?"

"तुमी करता," आप्पा म्हणाले. "मी करत न्हाय. मी ह्येच खरं धरतो."

हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं.

आई घरातच खानावळ चालवायची. पुढच्या खोलीत दोन लांब पाट, भिंतीशी पाण्याचा माठ आणि वर ते घड्याळ. जेवायला येणारे बहुतेक गिरणीतलेच, त्यामुळे घड्याळाची खोड त्यांनाही माहीत. नवा माणूस मात्र फसायचा. एकदा एक नवखा कामगार घड्याळ बघून भाकरी अर्धी टाकून पळाला, आणि भोंग्याला अजून वेळ आहे हे फाटकाशी कळल्यावर परत आला. आईने त्याची भाकरी पुन्हा वाढली. बाकीच्यांनी मात्र त्याला आठवडाभर सोडलं नाही.

मी सांगते ती सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट आहे. मी कॉलेजात विज्ञान शाखेला होते आणि माझा मोठा भाऊ, दादा, विमानतळावरच्या नोकरीच्या मागे होता. आमच्याकडे होटगी रस्त्याला एक धावपट्टी होती. तिच्यावर विमानापेक्षा शेळ्याच जास्त. कधी कुणी मंत्री यायचे, कधी एखादं लहान विमान उतरायचं, तेव्हा कुणीतरी धावत जाऊन शेळ्या हाकलायचं. दादा शाळेत असल्यापासून सायकल दामटत तिथे जायचा आणि कुंपणाशी उभा राहायचा. विमान चालवायचं स्वप्न आमच्यासारख्यांना परवडणारं नाही हे त्याला लवकर कळलं. पण विमानांना खालून सूचना देणारी एक खोली असते, तिथे मदतनीस लागतात, हेही कळलं. त्या जागेची लेखी परीक्षा तो पास झाला होता. उरली होती मुंबईची मुलाखत.

वयाची अट अशी होती की ह्या खेपेला जमलं नाही तर पुढच्या खेपेला त्याचा अर्जच कुणी घेतला नसता. आप्पांनी गिरणीत शब्द टाकून ठेवला होता. नोकरी नाही लागली तर दादा बदली कामगार म्हणून आप्पांच्याच खात्यात उभा राहणार. रोज फाटकाशी जायचं आणि कुणी आलं नसेल तर त्याच्या मागावर काम करायचं. ते टाळायला दादा दिवसरात्र अभ्यास करायचा.

अभ्यास म्हणजे त्याची घोकंपट्टी. अंगणात येरझारा घालत तो एक जाड इंग्रजी पुस्तक पाठ करायचा. त्यातली दोन नावं त्याच्या घशात अडकलेली, ट्रान्झिशन अल्टिट्यूड आणि ट्रान्झिशन लेव्हल. एक कायमची ठरलेली असते, दुसरी बदलते, एवढं तो म्हणून दाखवायचा. मी विचारलं, का बदलते?

"तसं पुस्तकात आहे."

"पण का?"

"का ते मुलाखतीत विचारत नाहीत."

"आणि विचारलं तर?"

त्यावर त्याने पुस्तक मिटलं आणि मला बघून घेण्याची धमकी दिली. त्याचं उत्तर अडलंय हे मला कळलं, आणि मला उत्तर हवंच होतं.

ते उत्तर आमच्या पाटावर येऊन बसलं. त्या वर्षी अकलूजकडच्या उसावर कीड पडली होती आणि औषध फवारायला एक लहान विमान आलं होतं. ते आमच्या धावपट्टीवर मुक्कामाला असायचं. त्याच्या पायलटला विश्रामगृहातलं जेवण मानवेना. धावपट्टीवर घिरट्या घालणाऱ्या दादाने त्याला आमच्या खानावळीचं नाव सांगितलं. पायलट चाळिशीचा, उन्हाने रापलेला, हसतमुख. मूळचा साताऱ्याकडचा.

आत आल्या आल्या त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या. "हे पुढे आहे," तो म्हणाला.

"व्हय," आप्पा म्हणाले. "आमाला ठाऊक हाय."

"मग हरकत नाही," म्हणत तो मांडी घालून बसला. ह्या उत्तरावर न हसणारा पहिला नवखा माणूस मी पाहिला.

त्याची एक चमत्कारिक सवय होती. आईने म्हटलं, "सायेब, दोन भाकऱ्या वाढल्यात, आमटी तिखट हाय," की तो म्हणायचा, "दोन भाकऱ्या, आमटी तिखट." आई म्हणाली, "शेंगाची चटणी डाव्या बाजूला हाय." तो म्हणाला, "चटणी डावीकडे." दोन दिवस आईने सोसलं. तिसऱ्या दिवशी ती आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "ह्या सायेबाला कमी ऐकू येतंय का गं? का माजी टिंगल करतोय?"

मी सरळ जाऊन विचारलं. आई मागून माझा पदर ओढत होती, पण उशीर झाला होता. पायलट खो खो हसला. "वहिनी, माफ करा. धंद्याची सवय आहे. हवेत असताना खालून आम्हाला जो आकडा सांगतात तो आम्ही परत म्हणून दाखवतो. नीट ऐकला की नाही हे सांगणाऱ्याला कळावं म्हणून. आकडा चुकीचा ऐकला तर माणूस मरतो."

"आमटीनं कोन मरत न्हाय," आई म्हणाली. पण तेव्हापासून तिला ते आवडायला लागलं. एकदा तर तिने मुद्दाम लांबलचक वाक्य म्हटलं, हा परत म्हणतो का बघायला. त्याने म्हटलं.

दादा त्याच्यासमोर लाजायचा. मग मीच पुस्तक नेऊन त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्या दोन नावांवर बोट ठेवलं. पायलटने हात धुतले आणि आधी स्वतःवरच हसून घेतलं. "मी उसाच्या शेंड्यावरून उडतो. मला कुठलं ट्रान्झिशन? पण शिकलोय मात्र. ऐका."

त्याने जे सांगितलं ते मला अजून त्याच्याच क्रमाने आठवतं. विमानात उंची मोजायला जे यंत्र असतं, अल्टिमीटर, ते खरं म्हणजे हवेचा दाब मोजतं. वर जावं तसा दाब कमी होतो, त्यावरून ते उंची दाखवतं. पण दाब काही एका जागी बसून राहत नाही. आज आभाळ स्वच्छ, उद्या भरून आलेलं, तसा तो खालीवर होतो. म्हणून यंत्राला आधी सांगावं लागतं, की आज ह्या गावचा दाब, समुद्राच्या पातळीला आणून मोजला तर, इतका आहे. तो आकडा यंत्रावर फिरवून लावायचा. ह्याला सेटिंग म्हणतात.

"मग सोलापूरचा लावून मुंबईपर्यंत जावं की," मी म्हणाले.

"पुण्याचा दाब वेगळा, मुंबईचा वेगळा. आता समज, मी सोलापूरचा लावलाय. समोरून येणाऱ्याने हैदराबादचा लावलाय. माझं यंत्र एक उंची दाखवतंय, त्याचं दुसरी. दोघांनाही वाटतंय की आपल्यात भरपूर अंतर आहे. आणि खरं तर तेवढं अंतर नाहीच."

आईची पळी आमटीच्या वर हवेतच थांबली.

"म्हणून वर गेलं की सगळ्यांनी आपापल्या गावचा आकडा सोडून एकच आकडा लावायचा. एक हजार तेरा मिलिबार आणि वर थोडं. जगात कुठेही जा, वर हाच. खरा दाब काहीही असो."

"म्हणजे यंत्र खोटी उंची दाखवणार?"

"खोटी. पण सगळ्यांची सारखीच खोटी. एकमेकांतलं अंतर बिघडत नाही, आणि वर तेवढंच महत्त्वाचं असतं."

"आमच्या घड्याळागतच की," आई म्हणाली आणि आमटी वाढून आत गेली.

मला गप्प बसवेना. वर एक हजार तेरा चालतं, तर खालीही तेच का नको? पायलटने बोट खिडकीबाहेर केलं. लांब गिरणीची चिमणी दिसत होती. "ती चिमणी एक हजार तेरा ओळखत नाही. टेकडीही ओळखत नाही. खाली खरी उंची लागते." म्हणजे कुठेतरी आकडा बदलायला हवा. वर जाताना जिथे गावचा आकडा सोडायचा ती ट्रान्झिशन अल्टिट्यूड. विमानतळाभोवतीच्या टेकड्या आणि उतरायच्या वाटा बघून ती एकदा ठरवतात आणि नकाशावर छापून टाकतात. खाली येताना जिथे गावचा आकडा परत लावायचा ती ट्रान्झिशन लेव्हल. ती त्या दिवसाच्या दाबावरून ठरते आणि नियंत्रण खोलीतून पायलटला सांगतात. दोन्हींच्या मधली जी जागा उरते ती फक्त ओलांडायची. तिथे रेंगाळायचं नाही.

"लेव्हल ठरवतं कोण? दादा?"

"निवड झाली तर हाही असेल त्या खोलीत," पायलट म्हणाला. दादाचे कान लाल झाले.

सगळं पटलं, तरी शेवटचा खिळा बसेना. दाब कमी झाला तर लेव्हल वर सरकते का खाली? पुस्तक म्हणत होतं वर. दादा दर वेळी 'खाली' म्हणायचा आणि मग जीभ चावायचा. मला रात्रभर ते खुपत राहिलं. सकाळी बंब पेटवायला गेले आणि समोर माळ्यावर चढायची शिडी दिसली.

दुपारी पायलट जेवायला आला तेव्हा मी अंगणात सगळी तयारी करून ठेवली होती. भिंतीवर गेरूने एक आडवी रेघ ओढली होती. शिडी भिंतीला उभी लावून तिच्या पायांखाली एकेक वीट घातली होती. दादाला हाताला धरून समोर आणलं.

"रेघ म्हणजे अल्टिट्यूड," मी म्हणाले. "छापलेली. हलत नाही. शिडीच्या पायऱ्या म्हणजे वरच्या विमानांचे मजले, एक हजार तेरावर मोजलेले. शिडी आजच्या दाबावर, म्हणजे ह्या विटांवर, उभी आहे. रेघेच्या वरची पहिली पायरी कुठली?"

"तिसरी."

"ही आजची लेव्हल. आता दाब कमी झाला, म्हणजे तेच मजले जमिनीकडे सरकले." मी विटा काढून घेतल्या. शिडी खाली बसली. तिसरी पायरी रेघेच्या खाली गेली. "आता?"

दादा बघत राहिला. "चौथी," तो हळूच म्हणाला. मग ओरडून म्हणाला, "चौथी! शिडी खचते म्हणून पायरी वरची घ्यावी लागते!"

पायलटने टाळ्या वाजवल्या. आई बाहेर आली ती बंबाखालच्या विटा कुठे गेल्या हे विचारायला. भिंतीवरची रेघ बघून तिने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पायलटने त्यातलं एकही वाक्य परत म्हटलं नाही. मला मात्र त्या दिवशी इतका आनंद झाला होता की तिची बोलणी मला लागलीच नाहीत. एक गोष्ट डोक्यात नीट बसली की मला अजूनही तसाच होतो.

फवारणी संपली, पायलट गेला. दादाची मुलाखत दोन दिवसांवर आली. आता तो घोकत नव्हता. अंगणात उभा राहून गेरूच्या रेघेकडे बघायचा. आप्पाही अधूनमधून बघायचे, पण काही विचारायचे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "गाडी चुकवू नगंस. तितं कोन थांबत न्हाय." फाटकाची भीती त्यांच्या मनातून कधीच गेली नव्हती.

गाडी सकाळची होती, दुसऱ्या दिवशी मुंबईत मुलाखत. आप्पा नेहमीप्रमाणे पहाटेच गिरणीत गेले. जाताना त्यांनी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला, जे ते सहसा करत नसत. मी स्टेशनवर सोडायला जाणार होते. आईने दशम्या बांधल्या, दादाने दोनदा भांग पाडला. घड्याळाकडे आम्ही तिघंही बघत होतो आणि तिघंही मनात दहा वजा करत होतो. वेळ हाताशी होता. आईने चहाही केला. मग टांगा बोलावला आणि निघालो. टांगेवाल्याला घाई कर म्हणायची गरज वाटली नाही. सात रस्त्याशी एका गाडीने वाट अडवली तेव्हाही आम्ही निवांत होतो.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला होता. दादा पळाला. ट्रंक हातात घेऊन माणूस कितीसा पळणार? तो परत आला आणि ट्रंकेवरच बसला. मी स्टेशनच्या घड्याळाकडे बघत राहिले. काही केल्या हिशोब लागेना. घरून तर आम्ही वेळेत निघालो होतो. टांग्यात दहा मिनिटं सांडली कुठे? टांगेवाला अजून बाहेरच होता. आम्हाला बघून म्हणाला, "जल्दी है करके बोलना था ना, बाई."

दादाने तोंड पुसलं. "एसटीने जातो," तो म्हणाला. "पुण्याला उतरून पुढची बघतो. आप्पांना सांगू नकोस. गाडी मिळाली म्हण."

मी तसंच करणार होते. पाळी संपवून आप्पा घरी आले ते वेगळेच दिसत होते. पायही न धुता त्यांनी विचारलं, "गावली न्हवं गाडी?"

"मिळाली," मी म्हणाले.

"गावणारच की." ते घड्याळाकडे बघून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय. "काल सांजच्याला बातम्यांच्या टायमाला मी ह्ये रेडिओवर लावलं. अगदी बरोबर. म्हटलं, पोराच्या गाडीचा सवाल हाय, एक दिस खरी येळ असू दे घरात."

सांडलेली दहा मिनिटं मला सापडली. आणि माझा ताबा सुटला. "मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं?" आप्पा म्हणाले. "बरोबरच लावलं की."

आई आतून दारात आली होती. तिलाही कळलं होतं. तिने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, पण मी बोलून गेले. गाडी मिळाली नाही. आम्ही नेहमीसारखे दहा वजा करत बसलो, चहा पीत बसलो.

आप्पांना ते चटकन समजेना. ते म्हणाले, "पर घड्याळ तर बरोबर हुतं. बरोबर घड्याळानं गाडी चुकंल कशी?"

"घड्याळ तुम्ही बदललंत, आप्पा. आमच्या डोक्यातले दहा कोण काढणार?"

स्वतः आप्पा कधीच वजाबाकी करत नव्हते, त्यामुळे आम्ही करतो म्हणजे नक्की काय करतो हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं. मग त्यांनी काचेचं दार उघडलं आणि लंबकाला बोट लावून घड्याळ बंद केलं. पाय धुऊन ते अंगणात जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढचे दिवस फार वाईट गेले. खानावळीतली माणसं सवयीने वर बघायची आणि गोंधळायची. "वैनी, किती वाजलं?" कुणी विचारलं की आई म्हणायची, "भोंगा वाजंल तवा कळंल." आप्पा अंधार असतानाच घराबाहेर पडायचे आणि फाटक उघडायच्या कितीतरी आधी तिथे जाऊन बसायचे, हे त्यांच्या सोबत्यांनी आईला सांगितलं. ते माझ्यावर रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एकदा ते आईला म्हणत होते, "पोरगं बदलीवर उभं ऱ्हाईल आता. माज्यामुळं." मला रडू आलं. शिडी आणि विटा घेऊन जगातल्या विमानांची व्यवस्था मी समजून घेतली होती, आणि माझ्या डोक्यावर टांगलेल्या घड्याळाची मला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

दादा परत आला तो दुपारी. आप्पा पाळीवरून आलेले होते. दादाचा सदरा चुरगळलेला, डोळे तारवटलेले, पण चेहरा शांत. आईने पाणी दिलं. आप्पा मान खाली घालून बसले होते.

"पोचलो," दादा म्हणाला. "शेवटचा उमेदवार आत गेला होता. शिपायाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. घेतलं आत. बसायच्या आधीच विचारलं, उशीर का झाला?"

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. घड्याळाचं."

"माजं सांगितलंस?" आप्पांनी मान वर केली.

"सांगितलं."

"हसलं असत्याल."

"हसले की. सगळेच हसले. मग त्यांच्यातले एक जण म्हणाले, बरं, मग चूक कुणाची? वडिलांची का तुमची?"

आप्पांची मान पुन्हा खाली गेली. आई दादाकडे अशी बघत होती की त्याने आता नीट बोलावं.

"मी म्हणालो, वडिलांची नाही. त्यांनी घड्याळ बरोबर लावलं होतं. आमची वजाबाकीही रोजच्यासारखी बरोबर होती. सेटिंग बदललं ते मोठ्याने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने परत म्हणायचं, ही पद्धत आमच्या घरात नाही, एवढंच. विमानात आहे." दादा माझ्याकडे वळला. "मग हसायचे थांबले आणि त्यांनी लेव्हलचं विचारलं. दाब उतरला तर काय. मी शिडी सांगितली."

"विटांसकट?"

"विटांसकट."

त्याची निवड झाली. पण ते आम्हाला खूप नंतर कळलं, पावसाळा तोंडावर आला तेव्हा. त्या दुपारी घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. दादा हात धुऊन पाटावर बसला, आई पीठ मळायला लागली.

आप्पा उठले. "रेडिओ लाव गं," मला म्हणाले. मी लावला. ठोके पडले तेव्हा ते घड्याळासमोर उभे होते. त्यांनी किल्ली दिली, काटे रेडिओवर आणले. क्षणभर थांबले. मग मोठा काटा जिथे रोज असायचा तिथे पुढे नेला. दार मात्र लावलं नाही. ते आमच्याकडे तोंड करून वळले आणि मागांच्या खडखडाटात हाक मारावी तसे मोठ्याने म्हणाले, "दहा मिनटं पुढं लावतोय."

आम्हाला काही उमगेना. ते तसेच उभे राहिले, एक हात काचेच्या दारावर, नजर आम्हा सगळ्यांवर फिरवत.

आतून आईचा आवाज आला. "दहा मिनटं पुढं."

"दहा मिनिटं पुढे, आप्पा," दादा म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मोठ्याने म्हटलं, "दहा मिनिटं पुढे." मग आप्पांनी लंबकाला बोट लावून घड्याळ चालू केलं आणि दार बंद केलं.